वर्गणीदार कोणाला म्हणावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्याही वैचारिक नियतकालिकाच्या कार्यालयात वर्षअखेर एक वही उघडली जाते. कोणाची वर्गणी संपली, कोणाची थकली, कोणाचा अंक पत्ता बदलल्यामुळे परत आला आणि कोणी स्मरणपत्रालाही उत्तर दिले नाही, याची नोंद त्या वहीत असते. ही वही म्हणजे व्यवस्थापकाची डोकेदुखी, संपादकाचा आणि लेखकाचा तिच्याशी काय संबंध, असे सामान्यतः मानले जाते. कार्यकर्तेही वर्गणी गोळा करण्याचे काम हलके समजतात. सभेत भाषण करणे हे विचाराचे कार्य आणि पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणे हे हमालीचे कार्य, अशी एक अघोषित वर्णव्यवस्था पुरोगामी चळवळीतही रुजलेली आहे. वास्तविक त्या वहीत एक महत्त्वाचा वैचारिक प्रश्न दडलेला असतो. एखाद्या लेखकाचे लेखन वर्षानुवर्षे, अंकामागून अंक वाचत राहणारा माणूस आणि तो लेखक यांच्यात नेमके नाते कोणते? ते दुकानदार-गिऱ्हाइकाचे आहे, गुरुशिष्याचे आहे, पुढारी आणि अनुयायी यांचे आहे, की या तिन्हींहून वेगळे असे काही आहे?

प्रथम शब्दाचाच विचार करावा. पुस्तकाची ‘किंमत’ असते. नियतकालिकाची ‘वर्गणी’ असते. मराठी माणूस वर्गणी कशाकशासाठी देतो? गावच्या जत्रेसाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, गल्लीतल्या गणेशोत्सवासाठी, तालमीच्या बांधकामासाठी, संपावर गेलेल्या कामगारांच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून. जे कार्य एकट्याने पेलणारे नाही, पण सर्वांना हवे आहे, त्यातला आपापला वाटा म्हणजे वर्गणी. किंमत चुकती केली की व्यवहार संपतो. वर्गणी दिली की संबंध सुरू होतो. वर्गणी देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो, आणि कार्य बिघडले तर ‘त्यात माझे काही नव्हते’ असे म्हणून हात झटकण्याची मात्र सोय नसते. नियतकालिकाच्या नियमित वाचकाला भाषेने ‘वर्गणीदार’ म्हटले, त्यात हा सारा अर्थ आलेला आहे.

शिवाय ही वर्गणी आगाऊ द्यावयाची असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बाजारात माणूस वस्तू पाहून, दाबून, भाव करून पैसे देतो. वर्गणीदार जो लेख अजून लिहिला गेलेला नाही, जो प्रश्न अजून उद्भवलेला नाही, त्यासाठी पैसे मोजतो. पुढील वर्षभरात जे घडेल त्याकडे हा लेखक प्रामाणिकपणे पाहील आणि जे दिसेल ते सांगेल, एवढ्या भरवशावर तो पैसे देतो. न लिहिलेल्या मजकुरावरील हा विश्वास हीच नियतकालिकाची खरी भांडवली ठेव होय. ही ठेव कशी जमते, कशी वाढते आणि कशी बुडते, याचा धडा मराठी नियतकालिकांच्या सुमारे दोनशे वर्षांच्या इतिहासात वाचावयास मिळतो.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा वर्तमानपत्र ही गोष्टच मराठी समाजाला नवी होती. मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापावा लागे. १८४० मध्ये ते बंद पडले. पुढील वर्षी भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ काढले आणि १८४८ पासून त्या साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख त्या वेळी पंचविशीतले सरकारी नोकर होते. ही पत्रे पुढे ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्धीस आली, जरी त्यांची संख्या शंभराहून थोडी अधिक, म्हणजे १०८ आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पहिल्या आधुनिक मराठी समाजचिंतकाने ग्रंथाचा आश्रय न घेता पत्राचा घेतला. ग्रंथ कोणालाही उद्देशून नसला तरी चालतो. पत्राला मात्र समोर कोणीतरी असावे लागते. बालविवाह, विधवांची दुर्दशा, विद्येचा अभाव, आळस आणि पोकळ अभिमान या विषयांवर आठवड्यामागून आठवडा लिहिताना लोकहितवादींना वाचकाची चीड गृहीत धरावी लागली, पण त्याचे सातत्यही गृहीत धरता आले. एका पत्रात सगळे सांगून संपवण्याची घाई करावी लागली नाही. आज चिडलेला वाचक पुढच्या आठवड्यातही अंक उघडेल, हा तो भरवसा. नियमित वाचकाने लेखकाला दिलेली पहिली देणगी ही, की लेखकाला सावकाश विचार करता येतो.

या नात्याचे दुसरे, अधिक झगझगीत उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’. १८७४ च्या जानेवारीत हे मासिक सुरू झाले आणि त्याचे ८४ अंक निघाले. जवळजवळ सर्व मजकूर एका माणसाच्या लेखणीतला. एका व्यक्तीच्या विचारांचा, आवडीनिवडींचा आणि रागलोभाचा मागोवा महिन्यामागून महिना घेत राहण्याची सवय मराठी सुशिक्षिताला प्रथम ‘निबंधमाले’ने लावली. मराठी गद्याला तिने जे तेज दिले ते नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. परंतु याच ‘निबंधमाले’ने लोकहितवादींची टवाळी केली आणि जोतीराव फुल्यांच्या ग्रंथांवर त्यांच्या व्याकरणाची चेष्टा करीत हल्ला चढवला. मालेच्या वाचकांपैकी किती जणांनी मूळ ग्रंथ उघडून पाहिले असतील? लेखकाची शैली जितकी मोहक, तितका वाचकाचा स्वतःचा निवाडा सुस्त होण्याचा धोका अधिक. आवडत्या लेखकाच्या मागे जाताना माणूस त्याचे विचार घेतो की त्याचे पूर्वग्रह उसने घेतो, हा प्रश्न तेव्हापासून मराठी वाचकापुढे उभा आहे, आणि पक्षसाप्ताहिकांच्या वाचकांनी तो स्वतःला इतरांपेक्षा अधिक वेळा विचारला पाहिजे.

त्याच काळात पुण्यात दुसरी एक परंपरा जन्माला येत होती. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केले. ज्यांच्याकडे अक्षर नाही आणि अक्षरासाठी पैसा नाही, त्यांचे हे पत्र होते. वर्गणीवर पत्र चालावयाचे तर वर्गणीदाराच्या कनवटीला काहीतरी असावे लागते. ‘दीनबंधु’च्या वाचकाजवळ तेच नव्हते. पत्र डबघाईला आले आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईला नेऊन पुन्हा उभे केले. लोखंडे गिरणी कामगारांमध्ये वावरणारे गृहस्थ. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा भरल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेले. १८९० साली मुंबईच्या गिरण्यांतून रविवारची सुट्टी मिळाली. हे एकट्या वर्तमानपत्रामुळे झाले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण ज्यांच्या दुःखाची नोंद कोणत्याही छापील कागदावर होत नव्हती, त्यांना आपले दुःख छापलेले दिसले आणि त्याखाली सही किंवा अंगठा करण्याचे बळ आले, हा क्रम विसरता येणार नाही. वाचकाचे पुढचे रूप म्हणजे निवेदनावर सही करणारा माणूस. नियतकालिकाचे यश मोजावयाचे झाले तर या रूपांतरात मोजले पाहिजे.

आणि या परंपरेत वाचक म्हणजे वाचणारा एवढाच नव्हता. चाळीतल्या खोलीत एक जण कंदिलापाशी अंक वाची आणि दहा जण ऐकत, मध्येच थांबवून अर्थ विचारत, हुज्जत घालत. वहीत नोंद एकाच नावाची असे. त्या नावामागे उभ्या असलेल्या माणसांची गणती कोणत्याही हिशेबात येत नसे. खपाचा आकडा पाहून नियतकालिकाची योग्यता ठरवणाऱ्यांनी हे विसरू नये. शंभर अंक शंभर घरांत रॅपरसह पडून राहिले, तर ते शंभर अंक खपले, पण एकही वाचला गेला नाही. दहा अंक दहा वाड्यांत मोठ्याने वाचले गेले, तर त्या पत्राचा खप कमी आणि सत्ता मोठी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब शिक्षणासाठी पुन्हा विलायतेस गेल्यावर ते पाक्षिक टिकले नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला हा बॅरिस्टर अंकाचे रकानेच्या रकाने स्वतः लिहून काढी, कारण लिहिणारा दुसरा माणूस ठेवण्याइतका पैसा पत्राजवळ नव्हता. १९२८ मध्ये त्यांनी एक अग्रलेखच लिहिला. ‘बहिष्कृत भारता’चे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न त्याच्या मथळ्यातच होता. या प्रश्नाचे मर्म समजून घेतले पाहिजे. बाबासाहेबांनी वाचकापुढे हात पसरला नाही आणि त्याच्यावर उपकाराची भाषाही लादली नाही. त्यांनी हिशेब मांडला. जे पत्र सर्वांसाठी झिजते त्याचे देणे सर्वांवर असते, ही सार्वजनिक नीती त्यांनी सांगितली. तरीही १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद करावे लागले. पुढे ‘जनता’ निघाले, १९५६ मध्ये त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. म्हणजे पत्रे बंद पडत गेली, परंतु वाचकवर्ग बंद पडला नाही. तो एका पत्राकडून दुसऱ्या पत्राकडे, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे चालत आला. नियतकालिकाचे आयुष्य अंकांच्या संख्येने न मोजता त्याने घडवलेल्या वाचकाच्या चिवटपणाने मोजावे, हा याचा अर्थ.

येथवर लेखक वाचकाला काय देतो याचा विचार झाला. पण वाचक लेखकाला काय देतो? याचे उत्तर रघुनाथ धोंडो कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्या’त सापडते. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाला त्या कार्यापायी महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी हे मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, पदराला खार लावून चालवले. या मासिकाचा प्राण म्हणजे वाचकांचे प्रश्न. जे प्रश्न आईबापांना विचारता येत नव्हते, डॉक्टरला विचारण्याची लाज वाटे आणि जे धर्मगुरूला विचारले तर प्रायश्चित्त सांगितले जाई, ते प्रश्न माणसे कर्व्यांना पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांची सरळ, शास्त्रीय उत्तरे छापीत. त्या उत्तरांबद्दलच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी उभे राहिले डॉ. आंबेडकर. वाचकाला अडचण आहे, तो प्रश्न विचारतो आहे. अशा वेळी त्या विषयाला वाहिलेल्या मासिकाने उत्तर देऊ नये काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, दंड भरावा लागला. पण मासिक बंद पडले नाही आणि प्रश्नोत्तरेही थांबली नाहीत.

या प्रसंगात लेखक-वाचक नात्याचे संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे. कर्व्यांना धैर्य कोठून आले? त्यांच्या स्वभावात ते होतेच. पण दर महिन्याच्या टपालातून येणारी ती संकोचलेली, बहुधा निनावी पत्रे हाही त्या धैर्याचा आधार होता. आपण लिहिले नाही तर या माणसाला दुसरे कोणीही सांगणार नाही, ही जाणीव लेखकाच्या पाठीशी उभी राहिली की तो कोर्टालाही सामोरा जातो. लेखकाला टाळ्या हव्या असतात हे खरे. परंतु टाळ्यांनी लेखक सुखावतो, आणि प्रश्नांनी तो टिकतो. जो वाचक वर्षातून एकदा तरी ‘हे समजले नाही’, ‘हे पटले नाही’ किंवा ‘याचे पुढे काय’ असे लिहून कळवतो, तो वर्गणीपेक्षा मोठी रक्कम भरतो.

वाचकाला प्रश्न विचारणाऱ्याचे स्थान देण्याचे दुसरे महत्त्वाचे उदाहरण गांधीजींचे आहे. १९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले आणि ते प्रथम ‘इंडियन ओपिनियन’ या त्यांच्या साप्ताहिकात गुजरातीतून आले. या लेखनात दोनच पात्रे आहेत, एक वाचक आणि दुसरा संपादक. त्यातला वाचक माना डोलावणारा नाही. तो उतावळा आहे, बाँबवर विश्वास ठेवणारा आहे, संपादकाला अडवतो, त्याच्यावर शंका घेतो. गांधीजींच्या निष्कर्षांशी समाजवाद्यांचे मतभेद जुने आहेत. यंत्राविषयीचे आणि आधुनिक संस्कृतीविषयीचे त्यांचे प्रतिपादन अनेकांना मान्य होण्यासारखे नाही. पण आपल्या पत्राच्या वाचकाला विरोधी पक्षाचे वकीलपत्र देऊन त्याच्याशी वाद घालण्याची ही रीत लोकशाहीची आहे. पुढे ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ त्यांनी जाहिरातींशिवाय चालवले. जाहिरातदार नाही म्हणजे पत्राचा मालक वाचकच, इतका तो साधा हिशेब होता.

साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्यातून त्यांनी आपल्या पुतणीला, सुधाला लिहिलेली पत्रे येत असत. पुढे ‘सुंदर पत्रे’ या नावाने ती पुस्तकरूप झाली. पत्र एका मुलीला, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतील मुलांना ते आपल्यालाच आले असे वाटे. गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले. ‘साधना’ आजही निघते. एका व्यक्तीच्या जिव्हाळ्यावर उभे राहिलेले पत्र त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर टिकले, कारण वाचकाचे नाते व्यक्तीपाशी सुरू झाले तरी व्यक्तीपाशी थांबले नव्हते. ‘निबंधमाला’ संपली, तशी माला तिच्या कर्त्याशिवाय चालणे शक्यच नव्हते. लेखकाच्या मागे जाणे ही सुरुवात असू शकते. त्याच्याबरोबर, आणि वेळ पडल्यास त्याच्याशिवाय, त्या वाटेने चालत राहणे हा शेवट असला पाहिजे.

आता या नात्यातील धोक्यांकडे वळले पाहिजे. पहिला धोका वाचक भक्त होण्याचा, तर दुसरा, त्याहून सूक्ष्म धोका लेखक वाचकांचा बंदिवान होण्याचा. नियमित वाचकाला लेखकाकडून काय अपेक्षित आहे हे लेखकाला हळूहळू कळू लागते. कोणत्या वाक्याला दाद मिळते, कोणत्या विरोधकावर कोरडे ओढले की पत्रे येतात, हे त्याला उमगते. मग तो तेच पुन्हापुन्हा लिहू लागतो. लेखक वाचकाला खूष ठेवतो, वाचक लेखकाला थोर ठरवतो, आणि दोघेही एकमेकांच्या सोबतीने मूर्ख होत जातात. पक्षाच्या पत्रात हा धोका दुप्पट असतो, कारण तेथे वाचक आणि लेखक आधीच एका बाजूचे असतात. पटलेल्यांनी पटलेल्यांसाठी लिहिलेले लेखन सोपे असते आणि बहुधा निरुपयोगी असते.

या बाबतीत ब्रिटिश समाजवादी साप्ताहिक ‘ट्रिब्यून’मधील एक उदाहरण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. जॉर्ज ऑर्वेल त्या पत्रात डिसेंबर १९४३ पासून एक सदर लिहीत असत. सदराच्या नावाचाच अर्थ ‘मनाला येईल तसे’ असा होता. मध्यंतरीचा खंड धरून ते १९४७ पर्यंत चालले आणि त्याचे ऐंशी लेख झाले. वाचक त्यांच्याशी सतत भांडत. फुलांचा उल्लेख केला तर फुले ही भांडवलदारी गोष्ट आहे, असे एका बाईंनी रागावून कळवले होते. ऑर्वेलनी ते सदरात सांगितले आणि पुन्हा गुलाबांवर लिहिले. हा झाला गमतीचा भाग. पण १९४४ मध्ये वॉर्साचा उठाव नाझी चिरडत असताना सोव्हिएत रशियाविषयी डाव्या वृत्तपत्रांनी धरलेल्या मौनावर याच सदरात त्यांनी आसूड ओढला. रशिया त्या वेळी युद्धातील मित्र होता आणि ‘ट्रिब्यून’च्या वाचकांत त्याचे चाहते थोडे नव्हते. वाचकांना जे ऐकावयाचे नव्हते ते त्यांच्याच पत्रात, त्यांच्याच लेखकाने सांगितले, आणि त्यावरचा वाद पत्राने छापला. पक्षीय पत्रातील लेखकाची परीक्षा विरोधकांवर टीका करताना होत नाही. ती स्वपक्षीयांची गैरसोय करताना होते. आणि वाचकाची परीक्षा अशा लेखानंतर तो वर्गणी बंद करतो की वाद घालावयास बसतो, यावर ठरते.

मतभेद असतानाही पाठीशी उभे राहणे ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्या वेळी टिळक-आगरकरांच्या जामिनासाठी दहा हजार रुपयांची हमी देण्यास पुढे आले ते जोतीराव फुल्यांचे स्नेही आणि सत्यशोधक रामशेट उरवणे. ज्या मंडळींच्या गोटातून जोतीरावांची कुचेष्टा झाली होती, त्यांच्यासाठी जोतीरावांच्या मित्राने पैसा उभा केला. विरोधकाचाही छापण्याचा हक्क शाबूत राहिला पाहिजे, हे ज्याला समजते तो खरा वाचक. आणीबाणीतही याचीच प्रचीती आली. १९७५ च्या जूनमध्ये वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, तेव्हा मोठ्या भांडवलाची अनेक दैनिके निमूटपणे वाकली. मुंबई उच्च न्यायालयात सेन्सॉरला आव्हान देणाऱ्यांत ‘फ्रीडम फर्स्ट’ या लहानशा मासिकाचे मिनू मसानी होते, आणि १९७६ च्या फेब्रुवारीत खंडपीठाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. मसानी एके काळी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी होते आणि नंतर समाजवादाचे कडवे विरोधक झाले. तरी त्या निकालाचा लाभ समाजवादी पत्रांनाही होण्यासारखा होता. लहान पत्रे का झगडू शकली? त्यांच्याजवळ गमावण्यासारख्या जाहिराती, कारखाने किंवा परवाने नव्हते. त्यांच्याजवळ होता तो केवळ वर्गणीदार.

आज प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा आहे. मोबाइल घरोघरी पोहोचला आहे, वाचावयास हवा तितका मजकूर फुकट मिळतो, मग वर्गणी कशाला, असे तरुण कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याला रागावून उत्तर देण्यात अर्थ नाही. फुकट मजकुराचाही कोणीतरी खर्च करीत असतो. तो वाचक करीत नसेल तर जाहिरातदार करतो, किंवा सत्ताधारी करतो, किंवा वाचकाची आवडनिवड विकून कोणी मधला व्यापारी करतो. जो पैसे देतो त्याच्याकडे मजकुराचे तोंड वळते, हा नियम ‘दर्पण’च्या काळापासून बदललेला नाही. शिवाय एखाद्याच्या मागे किती माणसे आहेत याचा आकडा आज क्षणात डोळ्यांपुढे येतो. लाखो माणसे एखाद्याची अनुयायी म्हणून मोजली जातात. पण अनुयायी होण्यास जर बोटाच्या एका स्पर्शापलीकडे काहीच लागत नसेल, तर ते सोडण्यासही काही लागत नाही. ज्या नात्यात काहीही वेचावे लागत नाही, त्या नात्यावर संकटकाळी भार टाकता येत नाही. माध्यम कोणतेही असो, कागद असो की पडदा, हा निकष तोच राहील. वाचकाने त्यात स्वतःचे काय घातले आहे? पैसा, वेळ, प्रश्न, मतभेद, की नुसती गर्दी?

म्हणून दोन्ही बाजूंची कर्तव्ये स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजेत. लेखकाचे पहिले कर्तव्य नियमितपणाचे आहे. आगाऊ विश्वास घेतला आहे, तर ठरल्या वारी लेख हजर झाला पाहिजे. दुसरे कर्तव्य उत्तराचे. आलेल्या पत्राला, विशेषतः विरोधी पत्राला, छापून किंवा लिहून उत्तर दिले पाहिजे. तिसरे, वाचकाची खुशामत न करण्याचे. चौथे, भाषेचे, जो अंक चाळीत, वस्तीत किंवा पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवता येत नाही, तो श्रमिकांचा अंक नव्हे. आणि पाचवे हिशेबाचे. वर्गणी घेणाऱ्या संस्थेने जमाखर्च वर्गणीदारापुढे मांडला पाहिजे. सरकारकडे पारदर्शक कारभाराची मागणी करणाऱ्या पत्राने स्वतःची वही झाकून ठेवणे शोभत नाही.

वाचकाची कर्तव्येही तितकीच ठाम आहेत. वर्गणी स्मरणपत्राची वाट न पाहता भरावी. आलेला अंक वाचावा. वाचून झाल्यावर तो रद्दीत घालण्यापूर्वी दुसऱ्या हाती द्यावा. न पटलेल्या गोष्टीबद्दल कुजबुज न करता संपादकाला लिहावे. आवडत्या लेखकाच्या विरोधात जो लिहितो त्यालाही मुळातून वाचावे. आणि लेखकाच्या नावावर श्रद्धा न ठेवता त्याच्या प्रत्येक लेखाला नव्याने पारखावे, कारण कालच्या सत्यवचनाने आजच्या असत्याला परवाना मिळत नाही.

कार्यकर्त्याचे स्थान या दोघांच्या मधले आहे. पावतीपुस्तक घेऊन तो ज्या दारात उभा राहतो तेथे त्याला पैसे मिळतील किंवा मिळणार नाहीत; पण ‘गेल्या अंकातला तो लेख मुळीच पटला नाही’ हे वाक्य ऐकावयास मिळाले, तर त्याने ते कपाळावर आठ्या घालून सोडून देऊ नये. ते टिपून घ्यावे आणि वर्गणीच्या रकमेबरोबर कार्यालयात जमा करावे. रक्कम अंकाचा कागद पुरवील, आणि तो आक्षेप अंकाला विषय पुरवील. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीमागची कोरी बाजू त्यासाठी पुरेशी आहे. वर्गणीदारांच्या वहीत या वर्षी नावे किती वाढली, हे व्यवस्थापक सांगेलच. त्या नावांपैकी किती जणांनी काही विचारले, ही नोंद मात्र कार्यकर्त्यांनी ठेवावयाची आहे, आणि पुढच्या बैठकीला येताना ती बरोबर आणावयाची आहे.